धारित्र-युग्मन : एका रूढ विधानाची चिकित्सा

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिकीच्या पदवी अभ्यासक्रमात काही विधाने सिद्धांत म्हणून शिकवली जात नाहीत. ती म्हणींप्रमाणे पाठ होतात. 'कपॅसिटर डी.सी. अडवतो आणि ए.सी. जाऊ देतो' हे विधान त्यांपैकी एक होय. आर.सी. युग्मित विवर्धकाचे मंडल शिकवताना हे वाक्य येते, तोंडी परीक्षेत विचारले जाते आणि तेवढे उत्तर मिळाले की परीक्षकाचेही समाधान होते. या विधानामुळे मंडलातील एका घटकाचे काम चटकन ध्यानात येते, हे मान्यच करावे लागेल. प्रश्न असा आहे की, या विधानावर थांबलेल्या विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात काय लागते?

प्रस्तुत लेखात या रूढ विधानाची चिकित्सा करण्याचे योजिले आहे. विधान असत्य आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. ते तीन ठिकाणी अपुरे आहे, आणि या अपुरेपणाचा परिणाम परीक्षेच्या गुणांपुरता न राहता हृदयालेखासारख्या, म्हणजेच ई.सी.जी.सारख्या, जीवनमरणाशी निगडित उपकरणापर्यंत पोहोचतो, असा या लेखाचा दावा आहे. त्यासाठी प्रथम विधानाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, नंतर त्यातील त्रुटी, पुढे त्याविरुद्ध घेता येण्याजोगे आक्षेप आणि शेवटी अध्यापनविषयक सूचना या क्रमाने विवेचन केले आहे.

विधानाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

धारित्राचा इतिहास विवर्धकापेक्षा बराच जुना आहे. १७४५ मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांना आणि १७४६ मध्ये लायडन येथे पीटर व्हान मुशेनब्रुक यांना काचेच्या बरणीत विद्युत् प्रभार साठवता येतो, असे स्वतंत्रपणे आढळून आले. म्हणजे धारित्राचा पहिला परिचय 'अडवणारी' वस्तू म्हणून झाला नाही. 'साठवणारी' वस्तू म्हणून झाला. मराठीत रूढ झालेला 'धारित्र' हा शब्दही 'धृ' म्हणजे धारण करणे या धातूशी नाते सांगतो. मराठी परिभाषेने घटकाचे जे नाव ठेवले, ते त्याच्याविषयीच्या पाठ केलेल्या वाक्यापेक्षा अधिक अचूक आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नलिका पुढे आणली आणि दुर्बल संकेताचे विवर्धन शक्य झाले. एका नलिकेचे विवर्धन अपुरे पडू लागल्यावर एकीमागे एक अशा नलिका जोडण्याची गरज निर्माण झाली. येथे एक व्यावहारिक अडचण होती. पहिल्या नलिकेची प्लेट शंभर-दोनशे व्होल्ट इतक्या धन दाबावर असते, तर पुढील नलिकेची ग्रिड किंचित ऋण दाबावर ठेवावी लागते. दोन्ही सरळ तारेने जोडल्यास दुसरी नलिका कामच करू शकत नाही. या अडचणीवर एक उपाय रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा होता. तो वजनदार व महाग होता आणि सर्व वारंवारतांना सारखा न्याय देत नव्हता. दुसरा उपाय म्हणजे मध्ये एक लहान धारित्र आणि ग्रिडपासून भूमीपर्यंत एक मोठा रोधक. हेच आर.सी. युग्मन. ग्रिडचा रोधक १ मेगओहम आणि धारित्र ०.०१ मायक्रोफॅरड घेतल्यास निम्न वारंवारता-मर्यादा सुमारे १६ हर्ट्झ येते, म्हणजे मानवी श्रवणक्षमतेच्या थोडी खालीच. ध्वनीसाठी हे पुरेसे होते, आणि 'डी.सी. अडवतो, ए.सी. जाऊ देतो' हे वाक्यही त्या कामापुरते पुरेसे होते.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतर मंडलाचे रेखाचित्र जवळजवळ तसेच राहिले, परंतु आकडे बदलले. नलिकेची ग्रिड प्रवाह जवळजवळ घेत नसे. ट्रान्झिस्टरचा बेस तो घेतो. त्यामुळे युग्मन-धारित्राला दिसणारा रोध मेगओहमवरून काही किलोओहमवर आला. तीच १६ हर्ट्झची मर्यादा राखण्यासाठी, एकूण रोध ६.६ किलोओहम मानल्यास, धारित्र सुमारे १.५ मायक्रोफॅरड इतके, म्हणजे पूर्वीच्या दीडशेपट लागते. म्हणूनच कागदी धारित्राच्या जागी विद्युत् अपघटनी, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक धारित्र आले आणि त्याबरोबर धन-ऋण बाजूंचे बंधन, गळती व कालांतराने धारकता घटणे हे दोषही आले. काम एकच असताना धारित्राचे मूल्य दीडशेपट का बदलले, याचे उत्तर रूढ विधान देऊ शकत नाही. कारण त्यात रोधाचा उल्लेखच नाही. येथूनच त्याच्या त्रुटींचा विचार सुरू करावा लागतो.

पहिली त्रुटी : 'अडवणे' हे क्रियापद

रूढ विधानाने विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते चाळणीचे किंवा दारावरील पहारेकऱ्याचे असते. दोन प्रकारचे प्रवाह दाराशी येतात, पहारेकरी एकाला परत पाठवतो व दुसऱ्याला आत घेतो. प्रत्यक्षात असे काहीही घडत नाही. धारित्राच्या दोन पट्टिकांमधील विसंवाहकातून कोणताच प्रभार, मग तो एकदिश प्रवाहाचा असो वा प्रत्यावर्ती, पलीकडे जात नाही.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ७.५ व्होल्टवर आहे आणि दुसऱ्याचा बेस २ व्होल्टवर. मंडलाला वीजपुरवठा सुरू होताच त्यांच्यामधील धारित्र प्रभारित होऊ लागते आणि त्यावरील दाब ५.५ व्होल्ट झाल्यावर त्याचे प्रभारण थांबते. येथून पुढे ते ५.५ व्होल्टच्या विद्युत् घटाप्रमाणे वागते. कलेक्टरचा दाब १० मिलिव्होल्टने चटकन वाढला, तर धारित्रावरील ५.५ व्होल्टचा फरक तेवढ्या अवधीत बदलू शकत नाही. म्हणून बेसचा दाबही १० मिलिव्होल्टने वाढतो. संकेत 'पलीकडे गेला' असे आपण म्हणतो, ते या अर्थाने. धारित्राचे काम फरक राखण्याचे आहे. ते मागील काही काळाची सरासरी लक्षात ठेवते आणि त्या सरासरीपासून होणारे विचलन तेवढे पुढे कळवते.

ही सरासरी किती काळाची? याचे उत्तर रोध व धारकता यांच्या गुणाकाराने, म्हणजे काल-स्थिरांकाने मिळते. काल-स्थिरांकाच्या मानाने त्वरित होणारा बदल पुढे पोहोचतो. मंद बदलाशी धारित्र जुळवून घेते आणि तो बदल पुढे दिसतच नाही. म्हणून सीमारेषा एकदिश आणि प्रत्यावर्ती यांच्यामध्ये नसून मंद आणि त्वरित यांच्यामध्ये आहे, आणि मंद कशाला म्हणावयाचे हे संकेत ठरवत नाही, मंडल ठरवते. निम्न मर्यादेची वारंवारता म्हणजे एक भागिले दोन पाय, रोध व धारकता यांचा गुणाकार. या वारंवारतेला आयाम ७०.७ टक्के उरतो आणि संकेताची कला ४५ अंशांनी पुढे सरकते. दसपट वारंवारतेला आयाम ९९.५ टक्के असतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण. पण कला मात्र अद्याप ५.७ अंशांनी पुढेच असते. आयामाचे नुकसान लवकर भरून निघते, कलेचे उशिरा. पाठ्यपुस्तकांतील आलेख बहुधा आयामाचेच असल्यामुळे हा दुसरा भाग विद्यार्थ्याच्या दृष्टिआड राहतो.

'अडवणे' या क्रियापदाने आणखी एक गोष्ट लपते. ती म्हणजे धारित्राच्या स्मृतीचे दुष्परिणाम. उपकरण सुरू करताना ध्वनिक्षेपकातून येणारा 'धप्' असा आवाज हा धारित्र प्रभारित होत असल्याचा आवाज असतो. एखादा अतिमोठा संकेत आल्यास बेसकडील संधी दिष्टकारकासारखी वागते, धारित्रावर नको तो प्रभार साचतो आणि संकेत ओसरल्यावरही विवर्धक काही क्षण बधिर राहतो. पहारेकऱ्याच्या चित्रात या घटनेला जागा नाही. साठवणीच्या चित्रात ती अपेक्षितच आहे.

दुसरी त्रुटी : केवळ साइन तरंगाचा विचार

'ए.सी.' म्हटल्याबरोबर विद्यार्थ्याच्या मनात साइन तरंग येतो. प्रयोगशाळेतील संकेत-जनित्राची कळही त्यावरच असते. परंतु व्यवहारातील बहुतेक संकेत साइन नसतात.

नलिकेच्या उदाहरणातील मंडल पुन्हा घ्यावे. १ मेगओहम व ०.०१ मायक्रोफॅरड यांचा काल-स्थिरांक १० मिलिसेकंद होतो. त्यातून ५० हर्ट्झचा साइन तरंग पाठवला तर त्याचा ९५ टक्के आयाम पुढे पोहोचतो. आलेखाच्या भाषेत हा निकाल उत्तम आहे. आता त्याच वारंवारतेचा चौरस तरंग पाठवावा. त्याचे अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे, म्हणजे नेमके काल-स्थिरांकाएवढे आहे. परिणामी प्रत्येक माथा सपाट न राहता ढासळत जातो आणि अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी आपल्या आरंभीच्या उंचीच्या ३७ टक्क्यांवर येतो. मंडल तेच, वारंवारता तीच. एका संकेताला ९५ टक्के न्याय आणि दुसऱ्याचे रूपच पालटलेले. माथ्याची घसरण १ टक्क्यापर्यंत रोखावयाची असेल, तर काल-स्थिरांक अर्ध्या आवर्तनाच्या शंभरपट, म्हणजे १ सेकंद असावा लागतो आणि निम्न मर्यादा ०.१६ हर्ट्झवर न्यावी लागते. आकाराची निष्ठा राखण्याची किंमत आयाम राखण्याच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक आहे, हा यातील धडा होय. 'जाऊ देतो' या शब्दांत तो सामावत नाही. काय जाते, आयाम की आकार, हे तेथे सांगितलेलेच नसते.

हृदयालेखाची कसोटी

हा भेद केवळ सैद्धांतिक आहे, असे वाटू नये म्हणून हृदयालेखाचे उदाहरण पाहणे उचित ठरेल. विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतू-गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने हृदयाच्या विद्युत् क्रियेचे आलेख घेतले. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उपकरणात युग्मन-धारित्र नव्हते. त्वचा व इलेक्ट्रोड यांच्यामध्ये निर्माण होणारा स्थिर दाब उलट दिशेच्या दाबाने भरून काढावा लागे. पुढे विवर्धकांचा वापर सुरू झाला आणि हे काम धारित्राकडे सोपवता येऊ लागले.

धारित्राची गरज येथे खरीच आहे. हृदयाचा संकेत सुमारे १ मिलिव्होल्टचा असतो, तर इलेक्ट्रोडचा स्थिर दाब ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, असे गृहीत धरून उपकरणे बनवली जातात. दोहोंचे एकदम हजारपट विवर्धन करू गेल्यास ३०० व्होल्टची अपेक्षा करावी लागेल. विवर्धक केव्हाच संपृक्त झालेला असेल. म्हणून आधी अल्प विवर्धन, मग युग्मन-धारित्र आणि त्यानंतर उरलेले विवर्धन अशी रचना रूढ झाली.

आता प्रश्न काल-स्थिरांकाचा. नाडीचे ठोके मिनिटाला ७२ असतील, तर संकेताची मूळ वारंवारता १.२ हर्ट्झ होते. निम्न मर्यादा ०.५ हर्ट्झ ठेवल्यास मूळ घटकाचा ९२ टक्के आयाम पुढे जातो. रूढ विधानाच्या कसोटीवर हे मंडल उत्तीर्ण आहे. परंतु याच घटकाची कला सुमारे २३ अंशांनी सरकलेली असते आणि वरचे घटक मात्र त्या मानाने फारसे सरकत नाहीत. घटकांची परस्परसंगती बिघडली की आकार बिघडतो.

किती बिघडतो, याचा हिशोब सोपा आहे. १ मिलिव्होल्ट उंचीचा आणि १०० मिलिसेकंद रुंदीचा एक आयताकृती स्पंद घ्यावा. ०.५ हर्ट्झ मर्यादेचा काल-स्थिरांक सुमारे ०.३२ सेकंद असतो. स्पंद संपल्यावर आधाररेषा शून्यावर न येता ०.२७ मिलिव्होल्ट खाली जाते. १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर या प्रचलित मापाने ही घसरण २.७ मिलिमीटर भरते. हीच मर्यादा ०.०५ हर्ट्झ, म्हणजे काल-स्थिरांक ३.२ सेकंद ठेवल्यास घसरण ०.०३ मिलिव्होल्टवर, म्हणजे ०.३ मिलिमीटरवर येते. हृदयालेखातील क्यू.आर.एस. हा भाग आयताकृती नसून टोकदार असतो, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम याहून कमी असतो; तरी तो १ मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. आणि क्यू.आर.एस.नंतर लगेच येणाऱ्या एस.टी. खंडाच्या १ मिलिमीटर वर-खाली होण्यालाच हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडाच्या निदानात महत्त्व दिले जाते. म्हणजे चुकीच्या काल-स्थिरांकाने निर्माण झालेली घसरण आणि रोगाने निर्माण झालेली घसरण कागदावर एकाच मापाची असू शकते.

याच कारणास्तव अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या १९७५ च्या शिफारशींत निदानासाठीच्या हृदयालेखाची निम्न मर्यादा ०.०५ हर्ट्झ सांगितली गेली. अतिदक्षता विभागातील सतत देखरेखीच्या पडद्यावर मात्र रुग्णाच्या हालचालीने आधाररेषा सारखी भरकटू नये म्हणून ०.५ हर्ट्झची मर्यादा सामान्यतः वापरली जाते, आणि अनेक उपकरणांत 'मॉनिटर' व 'डायग्नोस्टिक' अशा दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतील एस.टी. खंडावरून निदान करणे धोक्याचे का, हे ज्याला कळावयाचे त्याला 'ए.सी. जाऊ देतो' एवढे ज्ञान पुरत नाही.

तिसरी त्रुटी : नको असलेले युग्मन

रूढ विधान धारित्राला एक वस्तू मानते: दोन तारा असलेली, बाजारात विकत मिळणारी. परंतु धारकता ही दोन संवाहकांमधील संबंधाची संज्ञा आहे. जेथे दोन संवाहक आणि त्यांच्यामध्ये विसंवाहक आहे तेथे युग्मन आहे, मग ते रेखाचित्रात दाखवलेले असो वा नसो.

हृदयालेख काढून घेणाऱ्या रुग्णाचे शरीर आणि भिंतीतील वीजतारा यांच्यामध्ये केवळ ३ पिकोफॅरड धारकता मानली, तरी २३० व्होल्ट व ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे शरीरातून सुमारे ०.२ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. इलेक्ट्रोडचा संरोध १० किलोओहम असल्यास त्यावर २ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो, म्हणजे हृदयाच्या संकेताच्या दुप्पट. आलेखावर दिसणारी बारीक कंगव्यासारखी थरथर या नको असलेल्या युग्मनाची खूण असते. भेददर्शी विवर्धक आणि उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडद्वारे दिला जाणारा ऋण पुनःप्रदाय हे त्यावरील उपाय होत.

विवर्धकाच्या आतही हेच घडते. कलेक्टर व बेस यांच्यातील ४ पिकोफॅरड धारकता, मंडलाचे विवर्धन १०० पट व उलट्या चिन्हाचे असल्यास, प्रवेश-बाजूला सुमारे ४०० पिकोफॅरड इतकी भासते. जॉन मिलर यांनी १९२० मध्ये निर्वात नलिकांच्या संदर्भात हा परिणाम मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संकेत-स्रोताचा रोध १ किलोओहम असल्यास केवळ एवढ्याने विवर्धकाची उच्च मर्यादा ४०० किलोहर्ट्झच्या आसपास येते. आलेखाची डावी उतरण आणि उजवी उतरण या दोन्ही धारकतेच्याच कथा आहेत. एकीत हवी असलेली धारकता अपुरी पडते, दुसरीत नको असलेली धारकता अधिक ठरते. दोन्ही एका तत्त्वाने समजावून देता येतात, परंतु रूढ मांडणीत त्या दोन वेगळ्या पाठांत विखुरल्या जातात.

संभाव्य आक्षेप

या चिकित्सेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, एकात्मिक मंडलांच्या युगात युग्मन-धारित्र कालबाह्य झाले आहे. मग त्याची इतकी चर्चा कशासाठी? १९६८ मध्ये आलेल्या ७४१ या विवर्धकाच्या आत टप्प्यांमध्ये युग्मन-धारित्रे नाहीत, हे खरे आहे. सिलिकॉनच्या कपचीवर मोठ्या धारकतेला जागा परवडत नाही, म्हणून तेथे सरळ युग्मन स्वीकारले गेले. तथापि, ७४१ च्या आतही स्थिरतेसाठी ३० पिकोफॅरडचे एक धारित्र आहे. शिवाय सरळ युग्मनात स्वतःचा दोष येतो. प्रवेश-बाजूला १ किंवा २ मिलिव्होल्टचा विस्थापन-दाब असला आणि विवर्धन हजारपट असले, तर निर्गम-बाजू १ ते २ व्होल्टने सरकलेली असते. तो टाळण्यासाठी अभियंता पुन्हा धारित्राकडेच वळतो.

संगणकाच्या क्षेत्रातील उदाहरण याहून बोलके आहे. २००३ पासून प्रचारात आलेल्या पी.सी.आय. एक्स्प्रेस या जोडणीत प्रत्येक संकेतवाहिनीवर धारित्र-युग्मन असते. आरंभीच्या आवृत्त्यांत त्याचे मूल्य ७५ ते २०० नॅनोफॅरड ठरवलेले होते. लागोपाठ अनेक 'एक' पाठवले तर धारित्र त्यांनाच सरासरी समजू लागेल, म्हणून आठ अंकांचे दहा अंकांत रूपांतर करून एक व शून्य यांचा समतोल राखणारी संकेतपद्धती त्या आवृत्त्यांत वापरली गेली. ही पद्धती आय.बी.एम.मधील विडमर व फ्रानाझेक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली होती. एका धारित्राच्या स्मृतीशी जमवून घेण्यासाठी संपूर्ण लिपी बदलावी लागली, यावरून विषय कालबाह्य झाला आहे की नाही, हे ठरवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधुनिक हृदयालेख यंत्रांत २४ अंकी रूपांतरकांमुळे इलेक्ट्रोडच्या स्थिर दाबासह संपूर्ण संकेत अंकांत उतरवता येतो आणि युग्मन-धारित्राची गरजच राहत नाही. हेही खरे आहे. परंतु आधाररेषा स्थिर करण्याचे काम त्यामुळे संपत नाही. ते गणनेकडे जाते. एका काल-स्थिरांकाची साधी अंकीय गाळणी ०.५ हर्ट्झवर लावली, तर एस.टी. खंडाची विकृती धारित्राच्या मंडलाइतकीच राहते, कारण समीकरण तेच असते. १९९० च्या शिफारशींत ०.६७ हर्ट्झपर्यंतची सवलत देण्यात आली ती कलाविकृती शून्य असणाऱ्या अंकीय गाळण्यांनाच. अशा गाळणीला प्रत्येक बिंदूसाठी मागच्याबरोबर पुढच्या नोंदीही लागतात, आणि म्हणून तिला नोंद साठवून थांबावे लागते. धारित्राला पुढचे दिसत नाही. त्याची स्मृती केवळ मागची असते. वस्तू गेली तरी तत्त्व राहते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

प्रयोगशाळेतील स्थिती आणि काही सूचना

पदवी वर्गातील 'आर.सी. युग्मित विवर्धक' या प्रयोगात विद्यार्थी वारंवारता बदलत जातो, निर्गम-दाब मोजतो, अर्ध-लघुगणकीय कागदावर आलेख काढतो आणि पट्टरुंदी सांगतो. निम्न मर्यादा युग्मन-धारित्रामुळे आली, असे निष्कर्षात लिहिले जाते. प्रत्यक्षात हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

नेहमीचे मूल्य घेऊन हे तपासता येते. एमिटर-प्रवाह १ मिलिअँपिअर असल्यास एमिटरचा आंतररोध सुमारे २५ ओहम असतो. प्रवाह-विवर्धन १०० आणि बेसकडील विभाजक ४७ व १० किलोओहमचा मानल्यास प्रवेश-रोध १.९ किलोओहम येतो. १० मायक्रोफॅरडच्या प्रवेश-धारित्रामुळे येणारी मर्यादा जास्तीत जास्त ८ हर्ट्झ भरते. दोन टप्प्यांमधील धारित्रासाठी कलेक्टरचा ४.७ किलोओहम व पुढील प्रवेश-रोध यांची बेरीज घ्यावी लागते. ती मर्यादा २.४ हर्ट्झ इतकीच. परंतु एमिटरला समांतर जोडलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या धारित्राला दिसणारा रोध २५ ते ३० ओहमच असतो आणि त्यामुळे येणारी मर्यादा ५० ते ६० हर्ट्झपर्यंत पोहोचते. आलेखाची डावी उतरण एमिटरचे धारित्र ठरवते आणि श्रेय किंवा दोष मात्र युग्मन-धारित्राच्या पदरी जातो. ज्या प्रयोगाच्या नावातच युग्मन आहे त्या प्रयोगात युग्मनाचा परिणाम दिसतच नाही, ही विसंगती वर्षानुवर्षे चालत राहू शकते, याचे कारण रूढ विधानात रोधाला स्थान नाही हेच होय.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला, संकेत देण्यापूर्वी धारित्राच्या दोन्ही बाजूंचा दाब बहुमापकाने मोजून घ्यावा, ७.५ आणि २ हे दोन आकडे शेजारी लिहिले की 'फरक राखणे' याचा अर्थ आपोआप कळतो आणि धारित्राची धन बाजू कलेक्टरकडे का, हेही वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा, युग्मन-धारित्र १० ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचे लावून आलेख पुन्हा काढावा आणि नंतर एमिटरचे धारित्र बदलून पाहावा. तिसरा, संकेत-जनित्राची कळ साइनवरून चौरस तरंगावर न्यावी आणि माथ्याची घसरण ऑसिलोस्कोपवर मोजावी. चौथा, रेखाचित्रात नसलेली धारकता दाखवण्यासाठी प्रवेश-तारेजवळ हात न्यावा आणि पडद्यावर उमटणारी ५० हर्ट्झची लहर पाहावी. या चारही कृती उपलब्ध साहित्यात, एकाच प्रात्यक्षिकाच्या वेळेत बसण्याजोग्या आहेत.

निष्कर्ष

'कपॅसिटर डी.सी. अडवतो आणि ए.सी. जाऊ देतो' हे विधान पहिल्या परिचयापुरते उपयुक्त आहे; परंतु त्यात रोध नाही, काळ नाही आणि आकार नाही. या तिन्ही गोष्टींचा समावेश करावयाचा तर विधान असे करता येईल : धारित्र आपल्या काल-स्थिरांकाइतक्या काळाची सरासरी धरून ठेवते आणि तीपासून होणारे विचलन पुढे पोहोचवते. हे वाक्य पूर्वीच्या वाक्याइतके सुटसुटीत नाही, हे खरे. पण नलिकेच्या मंडलापासून संगणकाच्या जोडणीपर्यंतची सर्व उदाहरणे त्यातून उलगडतात आणि 'धारित्र' या मराठी संज्ञेशीही ते अधिक प्रामाणिक आहे.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे रुग्णालयातील उपकरणांची निगा राखतात, काही जण ती बनवतात. आलेखावरची १ मिलिमीटरची घसरण हृदयाची आहे की मंडलाची, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधीतरी येणारच. तो प्रश्न विचारण्याची सवय ज्या वर्गात लागावयास हवी, तेथे एका पाठ केलेल्या वाक्यावर समाधान मानणे परवडणारे नाही.